दुसरा ड्रायव्हर

मस्कतच्या रुवी भागातल्या एका बस कॉन्ट्रॅक्टरने मला फसवलं. मस्कत ते सलाला या हजार किलोमीटरच्या प्रवासाला दोन ड्रायव्हर देतो असं कबूल करून त्याने एकच दिला, आणि तोही आदल्या रात्रभर जागलेला. बसमध्ये आम्ही सव्वीस जण होतो. त्यात माझी बायको आणि अकरा वर्षांची मुलगी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर ही गोष्ट आमच्या लोकांत इतक्या तऱ्हांनी फिरली की फसवणारा बाजूला राहिला आणि आरोपी मी झालो.

मी दाभोळच्या खाडीकाठचा. ओमानला आलो तो रुवीतल्या एका भांड्यांच्या दुकानात खोकी फोडायला. हॉटेलांना लागणारी मोठाली पातेली, तवे, झारे असा माल. पुढे त्याच धंद्यात माझं स्वतःचं दुकान झालं. कागदावर अर्बाबचं, म्हणजे ओमानी मालकाचं, पण उभं केलेलं मी. पहिल्या शेटने मला भाव करायला शिकवलं. त्याचा एक नियम होता. समोरचा भाव उतरवायला लागला की तो कुठून उतरवतोय हे विचारायचं नाही. विचारलंस की त्याच्या अडचणीत तू वाटेकरी झालास. आणि त्याने तुला विचारलं, 'मग यातलं काय कमी करू?' तर उत्तर एकच: 'ते तुझं तू बघ.' या चार शब्दांवर मी वीस वर्षं धंदा केला.

आमचा मराठी कुटुंबांचा एक ग्रुप होता. बहुतेक सगळे अल् खुवैर नाहीतर अल् घुब्राचे, पगारदार. कुणी बँकेत, कुणी तेल कंपनीत. एरवी माझं मत कुणी विचारत नसे. गणपतीला देणगी घेताना आणि भाव करताना मात्र मी लागायचो. त्या वर्षी सगळ्यांनी खरीफ, म्हणजे तिकडचा पावसाळा, बघायला सलालाला जायचं ठरवलं. जुलै-ऑगस्टात सगळा देश भाजत असतो तेव्हा तिथले डोंगर हिरवे आणि धुक्यात असतात. गाड्या प्रत्येकाकडे होत्या, पण एकत्र, गाणी म्हणत जायची हौस. घुब्र्याचे एक साहेब आमचे पुढारी. ते म्हणाले, "बसचं तुम्ही बघा. भाव करायला तुमच्यासारखा माणूस नाही." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

कॉन्ट्रॅक्टर आमच्याच भागातला, खाडीपलीकडचा. मनी एक्स्चेंजच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर त्याचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि भिंतीवर बसचे फोटो.

"या गाववाले," म्हणत त्याने चहा मागवला.

"दोन ड्रायव्हर पाहिजेत. लांबचा रस्ता आहे," मी म्हणालो.

"दोनच देतो. एक चालवेल, एक मागच्या सीटवर झोपेल. कबूल."

मग आम्ही तासभर घासाघीस केली. दोनदा मी उठून जिन्यापर्यंत गेलो आणि परत आलो. तिसऱ्यांदा खाली रस्त्यावर पोचलो, तेव्हा त्याने गॅलरीतून हाक मारली. वर गेलो तर तो कपाळाला हात लावून बसला होता.

"गळा कापताय शेट. तुम्हीच सांगा, यातलं काय कमी करू?"

"ते तुझं तू बघ."

चहाचा ग्लास त्याने टेबलावर एकदा गोल फिरवला. "बघतो," म्हणाला. "खलास?"

"खलास."

खलास म्हटलं की सौदा मिटला. इकडे त्यावर कागद लागत नाही. मी शीळ घालत जिना उतरलो आणि ग्रुपवर भाव टाकला. सगळ्यांचे अंगठे आले.

ठरल्या दिवशी पहाटे साडेपाचला रुवीतून बस निघाली. घुब्र्याचे साहेब चढताना सीटवर हात आपटून म्हणाले, "वा! तुमच्या भावात सीटसुद्धा दिल्यात की हो त्याने!" सगळे हसले. मीही हसलो, पण माझी नजर पुढे होती. स्टिअरिंगवर एकच माणूस होता. पन्नाशी ओलांडलेला, केरळचा. इकडे केरळच्या वडीलधाऱ्या मुसलमानाला सगळे इक्का म्हणतात, तसं मीही म्हटलं.

"इक्का, दूसरा ड्रायव्हर किधर है?"

"अदम से चढेगा साब. उसका रूम उधर है." हे तो माझ्याकडे न बघता बोलला.

ते मला खटकलं होतं. पण अदम गाव तीन तासांवर होतं, पहाटेची वेळ होती आणि मागे लोक डबे उघडत होते. मी बायको-मुलीच्या मागच्या सीटवर जाऊन बसलो. त्या दोघी अगदी पहिल्या ओळीत होत्या, कारण मुलीला बस लागते.

अदम आलं. बस पेट्रोल पंपावर थांबली, लोक उतरले, चढले. दुसरा ड्रायव्हर काही आला नाही.

"हैमा में चढेगा," इक्का म्हणाला.

मी कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही.

अदम सोडलं की रस्ता बदलतो. दुभाजक संपतो. जाणारी आणि येणारी वाहनं एकाच पट्ट्यावर, मधे नुसती रंगवलेली रेघ. दोन्ही बाजूंना काहीच नाही. झाड नाही, टेकडी नाही, नजर कुठे अडत नाही. सपाट करडी जमीन आणि तिच्यावर पाण्यासारखं थरथरणारं ऊन. कडेला फाटलेल्या टायरची सालं पडलेली दिसतात, आणि मधूनच वाळूत तोंड खुपसून राहिलेली एखादी चेपलेली गाडी. ती कुणी उचललेली नसते.

मागे गाण्याच्या भेंड्या रंगल्या होत्या. बायकोने मागे वळून माझा गुडघा दाबला.

"अहो, आरशात बघा."

ड्रायव्हरच्या डोक्यावर मोठा आरसा होता. त्यात इक्काचे डोळे दिसत होते. पापण्या खाली यायच्या, तिथेच राहायच्या, मग एकदम वर जायच्या. मी मोजायला लागलो. एक, दोन, आणि उघडले. एक, दोन, तीन, आणि उघडले. त्या तीन आकड्यांत बस किती पुढे जात असेल हे मनात आलं आणि मी मोजणं थांबवलं.

"ऊन लागत असेल डोळ्यांना," मी म्हणालो.

"मला शिकवू नका," ती हळूच म्हणाली. "पुढे जाऊन बसा त्याच्याजवळ."

दाराजवळ एक घडीची सीट होती. ती पाडून मी बसलो आणि बोलायला सुरुवात केली. गाव कुठलं, मुलं किती, मोठा काय करतो. तो एकेका शब्दात उत्तर द्यायचा आणि शब्द संपला की पापण्या खाली. त्याने बाटलीतलं पाणी टॉवेलवर ओतलं, टॉवेल मानेवर टाकला, स्वतःच्या गालावर दोन चापट्या मारल्या. दहा मिनिटं बरी गेली, मग पुन्हा तेच. माझ्याकडचे प्रश्न संपत आले. शेवटी मी म्हणालो, "इक्का, तुम लोग का मछली करी में कुछ दम नहीं. असली तो हमारे कोकण का."

त्याची मान ताठ झाली. "क्या बोला?"

"खट्टा पानी. और क्या!"

"अरे साब, तुम लोग को नारियल डालना आता है क्या? तुम्हारा करी में मछली तैरता है, रोता है!"

मला समजलं की प्रश्नांनी तो झोपतो आणि भांडणाने जागा राहतो. भांडण मला जमतं. मग मी त्याच्या माशांना, भाताला, गावच्या रस्त्यांना, त्यांच्या क्रिकेटला नावं ठेवत गेलो. तो चिडून उलट बोलत राहिला. मागचे म्हणत असतील, याला कुठेही भांडायला माणूस लागतो. म्हणोत. माझं लक्ष फक्त त्या रेघेवर होतं. रेघ बसच्या डाव्या अंगाला राहिली पाहिजे. अर्धा-पाऊण तास मी ती रेघ नजरेने धरून ठेवली होती.

मग तो चिडायचाही थांबला. मी काहीतरी बोललो, उत्तर नाही. वळून बघितलं तर त्याचे डोळे उघडे होते. उघड्या डोळ्यांनी माणूस झोपतो हे मी त्या दिवशी बघितलं. रेघ बसच्या पोटाखाली शिरली होती. समोरून लांबलचक पाइप लादलेला ट्रेलर येत होता, आणि तो त्याच्या जागेवर होता, आम्ही नव्हतो.

मी काय ओरडलो ते आठवत नाही. नाव नव्हतं, शब्दही नसावा. इक्काने स्टिअरिंग झटकलं, बस उजवीकडे कलली, चाकाखाली कडेची खडी करकरली. ट्रेलरचा हॉर्न खिडक्यांना घासत मागे गेला. डबे खाली पडले. मग बस रस्त्यावर आली.

"काय झालं हो?" साहेबांचा आवाज आला.

"उंट," मी म्हणालो. "उंट आडवा आला."

सगळे खिडक्यांना चिकटले. "कुठे? कुठे गेला?" कुणी मोबाईल काढला. माझी मुलगी पहिल्या ओळीत होती, समोरची काच तिच्यापुढेच होती. तिने माझ्याकडे बघितलं. शाळेत सगळं इंग्रजीत, त्यामुळे ती मराठी जपून, शब्द शोधत बोलते.

"बाबा," ती म्हणाली, "कॅमल नव्हता."

तिच्या आईने तिला जवळ ओढलं. मी खोटं का बोललो? मागे घबराट नको म्हणून, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं हे, की खरं सांगितलं तर पुढचा प्रश्न येणार होता: दुसरा ड्रायव्हर कुठे आहे? भाव कुणी केला होता?

मी इक्काला हळू आवाजात विचारलं, "सच बोलो."

तो रडकुंडीला आला होता. "दुबई से आया साब. सुबह तीन बजे. सोया नहीं. दूसरा कोई नहीं है."

"दूसरा था के नहीं था?"

"था. सेठ ने उसको दूसरी गाडी पे डाला. बोला, पार्टी ने रेट काटा है, एक ही जायेगा. पूछे तो बोलना अदम, फिर बोलना हैमा."

हैमा अजून तासभर होतं. तो तास मी कसा काढला हे मला माहीत आहे आणि माझ्या बायकोला. ती सीटच्या कडेवर बसून मुलीचा पट्टा दोन्ही हातांनी धरून होती. आमच्या नजरा आरशात भेटायच्या आणि आम्ही दोघं लगेच इक्काच्या डोळ्यांकडे वळायचो. मी त्याला दर मिनिटाला खांद्याला हात लावून हलवत होतो. तो म्हणायचा, "जागा हूँ, जागा हूँ." मागे भेंड्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. एवढा राग मला गाण्यांचा कधी आला नव्हता.

हैमा म्हणजे पेट्रोल पंप, दोन-चार हॉटेलं, पंपाशेजारी छोटी मशीद. बस थांबली, लोक जेवायला पळाले. मी इक्काचा फोन घेतला आणि त्यावरून कॉन्ट्रॅक्टरला लावला. ड्रायव्हरचा नंबर बघून त्याने लगेच उचलला.

"दुसरा ड्रायव्हर कुठाय?"

"कोण, गाववाले? पोचलात काय हैमाला? वा!"

"दुसरा ड्रायव्हर."

"अहो शेट, मी विचारलं नव्हतं तुम्हाला, काय कमी करू? तुम्ही म्हणालात, तुझं तू बघ. मी बघितलं."

"मला सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारायचं नाही?" तो म्हणाला. "आणि हे बघा, त्याला टाइमवर पोचवा. आज संध्याकाळीच तिकडून दुसरी पार्टी आहे." फोन बंद झाला.

मी बसमध्ये चढलो. इक्का स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. मी हात पुढे केला.

"चावी."

"साब, सेठ मारेगा मेरेको."

"बोलना, पार्टी ने छीन लिया. जाओ, नमाज पढो और सो जाओ."

त्याने चावी काढून दिली, पण माझं मनगट धरून ठेवलं. "आप बोलेगा ना सेठ को? आपने छीना?"

"मी बोलेन," मी मराठीतच म्हणालो. त्याला ते कळलं.

तो मशिदीत गेला. आत एसी होता, गालिचा होता. नमाज झाल्यावर तो भिंतीकडे तोंड करून तिथेच आडवा झाला. मी बाहेर चपलांच्या कप्प्याजवळच्या पायरीवर, सावलीच्या वीतभर पट्टीत बसलो. चावी मुठीत होती. हवा भट्टीतून आल्यासारखी तोंडावर येत होती.

अर्ध्या तासाने साहेब आले, मागे आणखी पाच-सहा जण. "चला, यल्ला. चेक-इन आहे, संध्याकाळी डोंगरावर जायचंय. ड्रायव्हर कुठाय?"

"झोपलाय. उठेपर्यंत बस हलणार नाही. चावी माझ्याकडे आहे."

"डोकं फिरलंय का तुमचं?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. उंट नव्हता हे सांगितलं, ट्रेलरचं सांगितलं, दुबईचं सांगितलं. कॉन्ट्रॅक्टर फोनवर काय म्हणाला तेही सांगितलं. ते का सांगितलं कुणास ठाऊक. लपवता आलं असतं.

साहेबांनी घड्याळात बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही ड्रायव्हरच कापलात?"

"मुलं आहेत हो बसमध्ये," कुणाची तरी बायको म्हणाली.

माझं डोकं फुटायचं बाकी होतं. मी उभा राहिलो आणि मशिदीच्या दारात, आत माणूस झोपलाय हे माहीत असूनही, ओरडलो. "माझी मुलगी पहिल्या सीटवर आहे! भाव टाकला तेव्हा एकानेही विचारलं का, एवढं स्वस्त कसं म्हणून? अंगठे पाठवलेत सगळ्यांनी! आता मला विचारता?"

ते हॉटेलात परत गेले. बायको तेवढी थांबली. पायरीवर माझ्या शेजारी बसली, पदराने मला वारा घातला, जो नुसता गरमच होता.

"दोन तास देतो त्याला," मी म्हणालो.

"तास कसले मोजताय? तो आपणहून उठेल तेव्हा निघायचं."

तो सव्वादोन तासांनी उठला. तोंड धुऊन आला तेव्हा त्याचे डोळे वेगळे होते. मी चावी दिली. माझ्या तळहातावर तिचा आकार उमटला होता.

भीती तिथे संपली नाही. सलालाच्या अलीकडच्या थुमरेत गावापर्यंतचे चार-साडेचार तास मी घडीच्या सीटवरून उठलो नाही. पापणी लवली तरी मी दचकायचो, आणि पापण्या तर माणसाच्या लवणारच. थुमरेतनंतर रस्ता डोंगरावरून खाली उतरतो. त्या उतारावर धुकं एवढं होतं की पुढच्या ट्रकचे दिवे फक्त दोन तांबडे डाग दिसत होते. मागे लोक आनंदाने आरडाओरडा करत होते, काचा पुसून फोटो काढत होते. इक्का पुढे वाकून, जबडा आवळून, एकेका वळणाला बस जवळजवळ थांबवत खाली नेत होता. मी काही बोललो नाही. त्याला आता माझ्या भांडणाची गरज नव्हती.

दिवेलागणीनंतर सलालाला पोचलो. लोक भुरभुर पावसात उतरले. माझ्याशी कुणी बोललं नाही. इक्काने बॅगा काढून दिल्या आणि माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "मोली, डरा क्या?" मोली म्हणजे त्यांच्याकडे पोरी. ती म्हणाली, "हो." खरं बोलणारी आमच्या बसमध्ये ती एकटीच.

परतीला मी सलालातून दुसरी बस केली, दोन ड्रायव्हर समोर उभे करून, त्यांचे लायसन्स बघून. भाव केला नाही. सलालात असताना कॉन्ट्रॅक्टरला दोनदा फोन लावला, चावी मी घेतली हे सांगायला. त्याने उचलला नाही, आणि तिसऱ्यांदा मी लावला नाही. आठवड्याने रुवीत परतलो, तेव्हा थेट त्याच्या ऑफिसात गेलो. त्याने स्वतःच सांगितलं: इक्काला कॅन्सल केलं. व्हिसा रद्द, विमानात बसवून घरी. कारण काय, तर चावी पॅसेंजरच्या हातात दिली, पुढची पार्टी उशिरामुळे गेली. मी म्हणालो, चावी मी हिसकावली. तो म्हणाला, "आता सांगून काय उपयोग, गाववाले? खलास." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी त्याचं टेबल उलथवलं. ते उलथवून काही झालं नाही, एक ग्लास फुटला.

तिसरा फोन मी लावला नाही, हा माझा भाग. विचारायचं ते विचारलं नाही, हाही माझा. दोन्ही मी इथे लिहून दिले आहेत, सह्यांसकट समजा. ग्रुपने माझ्यावर काय खापर फोडलं तेही मी ऐकून घेतलं.

पण गाववाले, तुझा भाग अजून कुणी मागितलेला नाही. तू रुवीतच आहेस, तुझ्या बस अजून सलालाला जातात. मी भाव पाडला तेव्हा तुझ्यापुढे बरंच काही होतं. पाण्याची खोकी कमी करता आली असती, नवी बस देण्याऐवजी जुनी देता आली असती, तुझा नफा होता, किंवा सरळ 'जमत नाही' म्हणता आलं असतं. मी उठून गेलो असतो, बस. हे सगळं सोडून तू झोप कापलीस, ती पण दुसऱ्याची. आणि त्या माणसाने सव्वीस जण जिवंत पोचवल्यावर त्यालाच घरी पाठवलंस. का? याचं उत्तर मला पाहिजे, तुझ्या तोंडून, तुझ्या त्याच टेबलावर. 'तुम्हीच म्हणालात' हे चालणार नाही. मी म्हणालो ते मी परत घेतलं आहे. आता तू बोल.